एका कोळ्याचे बारसे

मराठीत ‘कोळी’ म्हटले की दोन चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. एक समुद्रकाठी जाळे टाकणाऱ्या माणसाचे आणि दुसरे आढ्याच्या कोपऱ्यात जाळे विणणाऱ्या आठ पायांच्या प्राण्याचे. कोकणात या दुसऱ्याला कातीणही म्हणतात. संस्कृताने त्याला ऊर्णनाभ असे भारदस्त नाव दिले. घरगुती व्यवहाराला एवढी नावे पुरेशी आहेत. परंतु शास्त्राला ती पुरत नाहीत, कारण ‘कोळी’ या एका शब्दाखाली किती वेगवेगळ्या जाती दडलेल्या आहेत याची कल्पना बोलणाऱ्याला सहसा नसते. जगातील कोळ्यांच्या नोंदलेल्या जातींनी २०२२ साली पन्नास हजारांचा टप्पा ओलांडला. त्यांत तळहाताएवढे आहेत, तसा कोलंबियातील पाटू डिग्वा नावाचा, ज्याचा नर अर्ध्या मिलिमीटरलाही पुरत नाही, असाही आहे.

या नामकरणाच्या इतिहासात एक गमतीची गोष्ट आहे. प्राण्यांना दोन शब्दी शास्त्रीय नावे देण्याची प्रथा लिनीयस या स्वीडिश पंडिताच्या १७५८च्या ग्रंथापासून सुरू झाली असे मानले जाते आणि त्यापूर्वीची नावे शास्त्र विचारात घेत नाही. अपवाद एकच, तो कोळ्यांचा. कार्ल क्लर्क नावाच्या दुसऱ्या एका स्वीडिश गृहस्थाने १७५७ साली आपल्या देशातील कोळ्यांवर सचित्र ग्रंथ लिहिला होता. तो इतका काळजीपूर्वक लिहिलेला होता की, त्यातील नावांना पुढच्या पिढ्यांनी लिनीयसच्याही आधीचा मान दिला.

आपल्याकडे हे काम प्रथम परक्यांच्या हातून झाले. रेजिनाल्ड पोकॉक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून हिंदुस्थानातून आलेल्या बाटल्या उघडीत असे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे लेख छापून येत, आणि १९०० साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत त्याचा अष्टपाद प्राण्यांवरील खंड प्रसिद्ध झाला. १९१६ साली कलकत्त्यास भारतीय प्राणिसर्वेक्षण खाते स्थापन झाले, १९५९ साली पुण्यास त्याची पश्चिम विभागाची शाखा निघाली. बिनयकृष्ण टिकादर या बंगाली संशोधकाने महाराष्ट्रातील कितीतरी कोळ्यांना नावे दिली. विंचवांवरील त्यांच्या १९८३च्या ग्रंथाला बस्तवडे हे मराठी संशोधक सहलेखक लाभले. या माणसांची नावे शाळेच्या पुस्तकात आढळत नाहीत. आढळावयास हवी होती.

आता ज्या बारशासाठी हे सारे सांगितले त्याकडे वळू. बंगळूरच्या आग्नेयेस एचएसआर लेआउट नावाची वस्ती आहे. होसूर-सर्जापूर रोड या शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. आपल्यापैकी अनेकांची मुले, भाचरे आज तेथे संगणकावर काम करीत असतात. तेथून पश्चिमेस तीनशेहून अधिक किलोमीटर गेले म्हणजे कुद्रेमुखचा डोंगर लागतो. कन्नडात कुद्रेमुख म्हणजे घोड्याचे तोंड. या मुलखात ‘कान’ म्हणून ओळखली जाणारी सदाहरित रानाची बेटे आहेत. आपल्या देवराईची ही सख्खी बहीणच. गावकरी ती राखीत, त्यांतून मिरी काढीत आणि कुऱ्हाड बेताने चालवीत. इंग्रज सरकारलाही या रानांची दखल घ्यावी लागली; सोरब तालुक्यातील कानांवर ब्रँडिस आणि ग्रँट या अधिकाऱ्यांनी १८६८ साली अहवाल लिहिला. पुढे वनखात्याचा अंमल जसा वाढत गेला, तसा गावकऱ्यांचा हात आखडत गेला.

कुद्रेमुखचे पोट लोखंडाचे. १९७६ साली तेथे सरकारी खाण कंपनी उभी राहिली, १९८७ साली भोवतालच्या रानाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि एकाच डोंगरावर खाण व अभयारण्य असा विचित्र संसार सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२च्या निर्णयानंतर २००५ अखेर खाणकाम थांबले. अशा वादांत साक्षीला कोण येते? सिंहपुच्छ वानर येतो, वाघ येतो, भद्रा नदी येते. ज्याला नाव नाही त्याचा पुकारा होत नाही. वाळक्या पानासारखा दिसणारा सात मिलिमीटरांचा एक कोळी त्या मुलखाच्या कानात तेव्हाही असला पाहिजे. पण त्याला नाव मिळाले ते खाण बंद झाल्यावर अकरा वर्षांनी.

जावेद अहमद, राजश्री खलप आणि सुमुख या तिघांनी २०१६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा प्राणी निशाचर. दिवसा त्याचे शंकूच्या आकाराचे, टोकाशी किंचित वाकलेले पोट सुकलेल्या पानाचा हुबेहूब आभास निर्माण करते, आणि पक्ष्याची नजर त्याच्यावरून घसरून जाते. ते पोट पाहून संशोधकांना रोलिंगबाईंच्या हॅरी पॉटरच्या कथेतील जादूची टोपी आठवली. ती टोपी कथेत गॉड्रिक ग्रिफिंडोर नावाच्या मांत्रिकाची. म्हणून कोळ्याचे नाव एरियोव्हिक्सिया ग्रिफिंडोरी. कित्येकांना हा थिल्लरपणा वाटेल. मलाही वाटते की, ज्या रानाने त्याला पोसले त्या कानाचे नाव अधिक शोभले असते. परंतु त्या नावामुळे जगभरच्या वृत्तपत्रांनी कुद्रेमुखच्या रानाचा उल्लेख केला, हेही खरे. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातील एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ आयसियस तुकारामी हे नाव मिळाले, तेव्हा अशी तक्रार करण्यास कोणाला जागाच उरली नाही.

नाव देणे हा मात्र या कामाचा सर्वांत सोपा भाग. रंगावर आणि आकारावर कोळ्याची जात ठरत नाही. मादीच्या पोटाखालचे जननेंद्रिय अलग करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. नराच्या बाबतीत तोंडाजवळच्या लहान हातांची टोके तपासावी लागतात. मग त्या कुळातील पूर्वी वर्णिलेल्या जातींशी एकेक करून ताडून पाहावयाचे. त्यासाठी कधी शंभर वर्षांपूर्वीचा लेख शोधावा लागतो, कधी परदेशच्या संग्रहालयातील नमुना. ग्रिफिंडोरीचे वर्णन झाले तेव्हा हाती फक्त मादी होती.

ज्यावरून वर्णन केले तो नमुना अल्कोहोलात जपून ठेवतात. २००२च्या जैवविविधता कायद्याने असा नमुना नेमलेल्या संस्थेकडे सोपविणे बंधनकारक केले आहे. बाटलीत एक चिठ्ठी असते: ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. या चिठ्ठीला किती किंमत असते, ते पोकॉकच्याच एका नमुन्यावरून दिसते. १८९९ साली त्याने निळ्याशार रंगाच्या एका मोठ्या कोळ्याचे वर्णन केले. चिठ्ठीवर ठिकाण होते गुत्ती, आंध्रातील रेल्वेचे गाव. इंजिनासाठी रचलेल्या लाकडांत तो सापडला होता. पुढे शंभर वर्षे तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही. २००१ साली तो पुन्हा सापडला तो गुत्तीला नव्हे, तर तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्यामधील तोडीने विरळ झालेल्या रानात. मूळचा नमुना बहुधा लाकडांबरोबर गाडीतून गुत्तीस आला असावा.