बाबांचे फोटो आणि अँटीव्हायरस

परवा भंडाऱ्याहून धाकट्या भावाचा फोन. "दादा, अँटीव्हायरसची मुदत संपली. पैसे भरू का?" त्या संगणकात बाबांचे सगळे फोटो आहेत, त्यामुळे लगेच 'नको' म्हणवेना.

मग जुनं आठवलं. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' व्हायरस फ्लॉपीतून देशोदेशी पोचला. पुढे पुण्यातही दोन भाऊच कामाला लागले, पण उलट्या बाजूनं. कैलास काटकर कॅल्क्युलेटर, संगणक दुरुस्त करायचे. दुरुस्तीला आलेल्या संगणकांत व्हायरस सापडायचे. ते काढायला धाकट्या संजयनं प्रोग्रॅम लिहिला. नव्वदच्या दशकात त्याचंच 'क्विक हील' झालं. तेव्हा असं काही विकत घेणं शहाणपणाचंच होतं, कारण विंडोजमध्ये तशी सोय नव्हती. २०१२ च्या विंडोज ८ पासून मात्र डिफेंडर आतच येतो.

मग धोका संपला? छे! मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'नं जगभर लोकांच्या फायली अडकवून खंडणी मागितली. तो ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. अनेकांनी तो घेतलाच नव्हता.

भावाला विचारलं, "विंडोज कोणतं?" "दहा." त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. म्हटलं, "पैसे राहू दे. आधी फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर घे, ती काढून कपाटात ठेव. मग विंडोज ११ चालतं का बघ."

"बरं," म्हणाला. डिस्क खरंच आणली का, ते आता आईलाच विचारतो!