इंग्रजी शिकविणाऱ्याचे मोल

शिक्षकाने पैशाचा विषय स्वतः होऊन काढू नये, असा आपल्या सुशिक्षित समाजाचा जुना संकेत आहे. देतील ते घ्यावे, आणि कमी वाटल्यास मनातल्या मनात कुढावे, हीच सभ्यतेची रीत समजली जाते. ह्या संकेताची अडचण आता घरोघर जाणवू लागली आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई उभी राहिली. तिच्या वाशी-नेरुळसारख्या भागांतील महाविद्यालयांतून इंग्रजी विषय घेऊन उत्तीर्ण झालेले तरुण-तरुणी आज आखाती देशांत अथवा पूर्व आशियात शिकविण्यास जाऊ इच्छितात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "वेतन किती मागावे?" ह्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देण्यापूर्वी थोडे इतिहासात डोकावणे हिताचे आहे. परक्या मुलखात जाऊन इंग्रजी शिकविणाऱ्यास काय द्यावे, हा वाद आपल्या मुंबई इलाख्यात दीर्घ काळ चालला होता. फरक इतकाच, की त्या वेळी समुद्र ओलांडून येणारा शिक्षक इंग्रज होता.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ साली मुंबईच्या गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ येथील धनिकांनी वर्गणी करून दोन लाखांहून अधिक रुपये उभे केले. इंग्रजी भाषा आणि युरोपातील शास्त्रे व कला शिकविण्यासाठी अध्यापकांच्या जागा निर्माण करणे हा त्या निधीचा हेतू होता. हे अध्यापक प्रथम विलायतेहून आणावे, आणि एतद्देशीय लोक त्या कामास पूर्ण समर्थ होतील तेव्हा त्यांच्याकडे ती पदे जावी, अशी त्यामागील अपेक्षा होती. त्याप्रमाणे ऑर्लेबार आणि हार्कनेस हे पहिले दोघे अध्यापक येथे आले. बाळशास्त्री जांभेकरांसारखा विद्वान त्याच संस्थेत होता, परंतु तो साहाय्यकाच्या पदावर. दादाभाई नवरोजींनी मात्र १८५५ साली विलायतेस प्रयाण करण्यापूर्वीच गणित व पदार्थविज्ञान ह्या विषयांचे अध्यापकपद मिळविले. निधी जमविणाऱ्यांनी ज्या दिवसाची वाट पाहिली होती तो दिवस अशा रीतीने एका पिढीच्या आतच उगवला, असे कोणासही वाटले असते.

पण तो सरकारी खात्यास दिसला नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची हकीगत ह्या दृष्टीने फार बोलकी आहे. ज्यांच्या दोन संस्कृत पुस्तकांवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी ती भाषा शिकली, त्या भांडारकरांनी एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतच्या अध्यापकाचे काम काही वर्षे हंगामी म्हणून केले. जागा कायम भरावयाची वेळ आली तेव्हा १८७३ साली पीटर पीटर्सन हे विलायतेहून नेमून आले. वयाने ते भांडारकरांहून दहा वर्षांनी लहान होते. भांडारकर पुन्हा साहाय्यक झाले. पीटर्सन हे सामान्य गृहस्थ नव्हते. पुढे संस्कृत हस्तलिखितांच्या शोधाचे मोठे काम त्यांनी केले, आणि तेही भांडारकरांच्या जोडीने. म्हणूनच दोष त्या व्यक्तीकडे जात नाही. तो पद आणि वेतन जन्मभूमीवरून ठरविणाऱ्या पद्धतीकडे जातो.

ही पद्धत पुढे नियमबद्धही झाली. १८९६ साली शिक्षणखात्याची विभागणी होऊन वरची 'इंडियन' आणि खालची 'प्रॉव्हिन्शियल' अशा दोन श्रेणी झाल्या. पहिलीची भरती विलायतेत होई, दुसरीची येथे. पहिल्या श्रेणीत पाचशे रुपयांपासून आरंभ होऊन हजारापर्यंत बढती मिळे. दुसरीचे मान पुष्कळ खाली होते. शिवाय रुपयाचा भाव घसरला म्हणून विलायती अधिकाऱ्यांना १८९३ पासून विनिमय-भरपाईचा भत्ताही मिळू लागला होता. त्याच्या आधीच, १८८५ साली, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बसूंना हंगामी म्हणून युरोपियनाच्या एकतृतीयांश वेतन देऊ केले गेले. त्यांनी काम चोख केले, पण तीन वर्षे वेतनाला हात लावला नाही. अखेर सरकारने त्यांना कायम केले आणि मागील बाकीही पूर्ण दराने चुकती केली. वेतनाची बोलणी अबोलपणानेही करता येतात, ह्याचे इतके उत्तम उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

विलायती अध्यापकाच्या जादा वेतनाचे समर्थन कसे करीत, तेही न्यायाने ऐकले पाहिजे. तो घरदार सोडून येतो, येथील हवा त्यास मानवत नाही, मुलांना शिक्षणासाठी दूर ठेवावे लागते, आणि दोन ठिकाणचा संसार चालवावा लागतो. ह्यात तथ्य नव्हते असे नाही. दादाभाईंनी देशाच्या संपत्तीचा ओघ बाहेर कसा जातो ह्याचा हिशेब मांडताना अशा वेतनांचा व निवृत्तिवेतनांचा समावेश केला. तरीही दूर देशी येऊन राबणाऱ्याची गैरसोय भरून द्यावी, ह्या तत्त्वावर कोणी आक्षेप घेईलसे वाटत नाही.

मात्र हेच तत्त्व आजच्या परिस्थितीला लावून पाहिले म्हणजे मोठी गंमत दिसते. आज घर सोडून दूर जाणारा आपला पदवीधर आहे. तेव्हा त्या न्यायाने जादा भरपाई त्यास मिळावयास हवी. पण परदेशी शाळांतून अनेक ठिकाणी वेतन पारपत्रावरून ठरते आणि भारतीयाच्या वाट्यास खालची पायरी येते. दक्षिण कोरियात इंग्रजी संभाषण शिकविण्याचा परवाना मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका ह्या सात देशांच्या नागरिकांसाठी राखलेला आहे. २०१० साली अमलात आलेल्या व्यापारी करारान्वये आपल्या शिक्षकांसाठी एक अरुंद दार उघडले, तेही साहाय्यक म्हणूनच. जांभेकर आणि भांडारकर ह्यांना जो शब्द चिकटला होता तोच हा. म्हणजे जुन्या काळी अंतराची भरपाई म्हणून जे सांगितले जात होते ते वस्तुतः जन्माचे मोल होते. नाही तर बाहेरून येणारा बदलताच तराजूचे पारडे उलटे झुकले नसते.

ह्या अन्यायाला महाराष्ट्राने दिलेले सर्वांत तेजस्वी उत्तर म्हणजे स्वार्थत्यागाचे. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभारणाऱ्यांनी आजीव सभासदास दरमहा ७५ रुपये आणि वीस वर्षांची सेवा असा दंडक घालून घेतला. १८९९ साली केंब्रिजचे सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ह्याच संस्थेत परत आले व १९०२ साली प्राचार्य झाले. परंतु ह्या त्यागालाही हिशेबाची बाजू होती. सभासदाने बाहेर पैसे मिळवावे की नाही, आणि मिळविल्यास ते कोणाचे, ह्यावर टिळक आणि त्यांचे सहकारी ह्यांच्यात तीव्र मतभेद झाले. टिळक १८९० साली बाहेर पडले, त्याला हा वाद बऱ्याच अंशी कारण होता. आगरकर १८९५ साली, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच गेले. ह्या मंडळींनी कमी वेतन स्वतः ठरवून घेतले होते, आपल्या संस्थेसाठी घेतले होते. दुसऱ्याच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शाळेने त्यांचे उदाहरण पुढे करून शिक्षकास कमी द्यावे, ह्याला त्याग म्हणता येत नाही. ती दुसऱ्याच्या खिशातून केलेली काटकसर होय.

प्रत्यक्ष परदेशी जाऊन काम करणाऱ्यांत धर्मानंद कोसंबींचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्यांचा विषय इंग्रजी नसून पाली होता, पण बोलण्यांचे मर्म तेच. महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून कलकत्त्यास मिळत असलेले दरमहा २५० रुपये त्यांनी नाकारले आणि सयाजीराव गायकवाडांचे ५० पत्करले. म्हणजे पैशाचा लोभ त्यांना नव्हता. पण १९१० साली हार्वर्डला जाऊन विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम करीत असता त्याचे श्रेय कोणाच्या नावावर मांडावे, ह्यावर प्राध्यापक लॅनमन ह्यांच्याशी त्यांचा खटका उडाला. तेव्हा ते काम अर्धवट सोडून १९१२ साली ते स्वदेशी परतले. तो ग्रंथ हार्वर्डने १९५० साली प्रसिद्ध केला, आणि त्यावर कोसंबींचे नाव आहे; पण तो पाहण्यास ते हयात नव्हते. पन्नास रुपयांवर संतुष्ट राहणारा मनुष्य नावाच्या प्रश्नावर तसूभर हटला नाही. कोठे सोडावे आणि कोठे सोडू नये, हे त्यास पक्के ठाऊक होते.

आमच्या तरुणांना ह्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. "किती देता?" ह्याआधी "कशावरून ठरविता?" असे विचारावे. त्याच वर्गात तेच तास घेणाऱ्या दुसऱ्या शिक्षकाची श्रेणी कोणती, आणि आपली वेगळी असल्यास पदवीमुळे की पारपत्रामुळे, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. घर, जाण्यायेण्याचे भाडे आणि रजा ह्यांचा करार लेखी असावा. विलायती अध्यापकांनी ह्यांपैकी एकही गोष्ट तोंडी भरवशावर ठेवली नव्हती. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी संपताना मिळणारे उपदान पहिल्या पाच वर्षांस दरसाल २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतके असते. म्हणून मूळ वेतन लहान ठेवून भत्ते फुगविणारा करार वरकरणी मोठा दिसला तरी अखेरीस तोट्याचा ठरतो. आणि घरातील वडील मंडळींनीही "मिळते आहे ना, मग वाद कशाला?" असे म्हणून मुलांना गप्प बसवू नये.

वरच्या-खालच्या श्रेणींच्या त्या व्यवस्थेतील वरच्या श्रेणीची विलायती भरती १९२४ नंतर बंद पडली, ती आपोआप नव्हे. बसूंचा अबोला, दादाभाईंचे हिशेब आणि भांडारकरांची विद्वत्ता ह्या सर्वांनी मिळून ती खिळखिळी केली होती. ज्या भांडारकरांना साहाय्यक म्हणून मागे बसविले, तेच १८९३ साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना हा इतिहास ठाऊक असेल, तर वेतनाचा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज कापण्याचे कारण उरणार नाही.