सातारच्या आजीसाहेब
सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची कन्या आणि छत्रपती राजारामांची राणी ताराबाई यांना 1700 मध्ये, ऐन पंचविशीत, वैधव्य आले. तेव्हा अल्पवयीन पुत्राच्या नावे कारभार हाती घेऊन 1707 पर्यंत औरंगजेबाशी त्यांनी जी झुंज दिली, तीच इतिहासाला प्रिय झाली. मला मात्र उत्तरायुष्यातील आजीसाहेब अधिक विलक्षण वाटतात. 1714 पासून पन्हाळ्यावरील कैद सोसून, पुढे पुतण्या शाहूंच्या आश्रयाने साताऱ्यास राहून, ज्या रामराजास नातू म्हणून 1750 च्या आरंभी गादीवर बसविले, त्यालाच तो पेशव्यांपुढे नमतो म्हणून वर्षअखेर किल्ल्यात अटकेत टाकणारी ही पंचाहत्तरीची वृद्धा! पुढे पेशव्यांशी सलूख झाला, परंतु पानिपताच्याच वर्षी, 1761 च्या डिसेंबरात, त्या निवर्तेपर्यंत रामराजाची सुटका काही झाली नाही.