७. देवक

७. देवक : कुळाचे पूज्य चिन्ह, समाजशास्त्राच्या परिभाषेत कुलप्रतीक किंवा टोटेम. मराठा आणि इतर अनेक जातींत ते बहुधा झाड असते : कळंब, उंबर, वड, कुठे मोरपीस, कुठे तलवारही. लग्नाआधी त्या झाडाची डहाळी वाजतगाजत आणून पुजतात आणि मांडवाच्या मेढीला बांधतात. एकाच देवकाची कुळे भाऊबंद मानली जातात आणि त्यांच्यात लग्न होत नाही, आडनावे वेगळी असली तरी. हा बहिर्विवाहाचा नियम. मात्र जातीबाहेरही जायचे नाही, हा अंतर्विवाहाचा. सोयरीक जमवायची ती या दोन कुंपणांमधल्या पट्टीत. एमिल दुर्खीम यांनी १९१२च्या ग्रंथात ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या कुलप्रतीकांवरून धर्माच्या मुळाचा शोध घेतला. ते विवेचन देवकाला जसेच्या तसे लावणे धाडसाचे, कारण या कुळांना कुलदैवत निराळे असतेच. ब्राह्मणांकडील देवकप्रतिष्ठेशी याची गल्लत करू नये. तिच्यात गणपती, मातृका यांची स्थापना असते आणि विवाहाचा निषेध गोत्र-प्रवरावरून ठरतो. – संपा.