साखळदंड ते पलंगाचा कठडा

रुग्णाच्या हालचालीस त्याच्या इच्छेविरुद्ध पट्टा, दोरी, कापड किंवा पलंगाच्या कठड्याने अटकाव करणे यास शुश्रूषाशास्त्रात शारीरिक प्रतिबंधन म्हणतात. संत जनाबाईंचे जन्मगाव असलेल्या गोदाकाठच्या गंगाखेड परिसरात या प्रथेचा इतिहास शोधू गेल्यास वाट निजामी राजवटीकडे वळते, कारण 1948 पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानाचे मनोरुग्णालय, 1950 च्या दशकात हैदराबादेस एर्रागड्डा येथे जाण्यापूर्वी, मराठवाड्यातच, जालन्यास होते.

शेजारच्या इंग्रजी मुलखात नागपूर (1864) आणि ठाणे (1901) येथे वेड्यांची इस्पितळे उभी राहिली, तरी 1858 आणि 1912 च्या कायद्यांचा भर उपचारापेक्षा ताब्यात ठेवण्यावर होता. रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या माणसास पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे आणि तेथून त्याची रवानगी इस्पितळात व्हावी, असा तो क्रम होता. अज्ञानाची सबब मात्र येथे चालत नाही, कारण जॉन कोनोली याने लंडनजवळील हॅनवेलच्या इस्पितळात 1839 पासूनच बेड्या व पट्टे बंद केले होते, आणि ते साधले ते प्रशिक्षित सेवकांच्या बळावर. बंधन हे रुग्णाच्या आजारापेक्षा सेवकांच्या तुटवड्याचे अपत्य असते, हे तेव्हाच उघड झाले होते.

वृद्धांच्या शुश्रूषागृहांपर्यंत हा विचार पोहोचण्यास मात्र फार उशीर झाला. म्हातारा पडेल, नळी उपसून काढेल, रात्री उठून चालू लागेल या भीतीने त्याचे मनगट पलंगाला बांधले जाते. पण बांधून ठेवल्याने गंभीर इजा टळतात असे सिद्ध झालेले नाही, उलट स्नायू क्षीण होतात, शय्याव्रण, म्हणजे एकाच अंगावर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, उद्भवतात आणि भ्रम वाढतो. अमेरिकेने 1987 मध्ये शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी शुश्रूषागृहातील वृद्धांस बांधण्यास कायद्याने मनाई केली. त्याच वर्षी भारतात मानसिक आरोग्य कायदा संमत झाला, परंतु 1912 चा कायदा हटण्यास 1993 उजाडले. पुढे 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले रुग्ण पळू न शकल्याने जळून मेले आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळी पूर्णतः निषिद्ध ठरवली. इतर बंधन तात्काळ धोका टाळण्याचा अन्य मार्ग नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने व नोंद ठेवून वापरावे, आणि कर्मचारी अपुरे आहेत एवढ्याच कारणावरून ते वापरू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मराठवाड्यातील म्हाताऱ्यांच्या दृष्टीने हे शेवटचे कलम सर्वांत मोलाचे आहे. या कायद्यातील मनोविकाराच्या व्याख्येत स्मृती व भान यांचा गंभीर बिघाडही येत असल्याने स्मृतिभ्रंशाने ग्रस्त वृद्धांना ठेवून घेणारी संस्था कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. तथापि रुग्ण जेथे कुटुंबीयांसह राहतो ते घर वगळलेले आहे, आणि गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी वृद्धांची शुश्रूषा बहुतांशी घरातच, लेकी-सुनांच्या हातून होते, जेथे खाटेला बांधलेल्या पंचाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.