अमेरिकी फ्रिगेटची झळ मुंबईच्या गोदीला

अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील १८१२ चे युद्ध मराठी वाचकाला दूरचे वाटते. मात्र त्यातील एका सागरी लढतीची झळ थेट मुंबईच्या गोदीला लागली. पुढे त्याच लढतीतील एक पराभूत प्रवासी मराठ्यांविरुद्धच्या अखेरच्या युद्धात सेनापती म्हणून उतरला.

स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर अमेरिकेजवळ आरमार म्हणावे असे काही उरले नव्हते. अल्जियर्सचे चाचे व्यापारी जहाजे पकडू लागल्यावर २७ मार्च १७९४ रोजी कायदा करून सहा फ्रिगेट बांधण्याचे ठरले. फ्रिगेट म्हणजे तीन डोलकाठ्यांची, तोफांचा एकच मुख्य मजला असलेली वेगवान युद्धनौका. रचनाकार जोशुआ हम्फ्रीज यांचा हिशेब साधा होता. मोठे आरमार परवडणार नाही. तेव्हा निदान प्रत्येक नौका अशी असावी की शत्रूच्या फ्रिगेटला ती भारी पडेल आणि त्याहून मोठ्या जहाजापासून निसटून जाईल. त्यासाठी लांबी वाढविली, बाजू जाड केल्या आणि मोठ्या नौकांवर २४ पौंडी गोळ्यांच्या तोफा बसविल्या. ब्रिटिश फ्रिगेटवर सामान्यतः १८ पौंडी तोफा असत. बोस्टन येथे बांधलेली ‘कॉन्स्टिट्यूशन’ १७९७ मध्ये पाण्यात उतरली.

युद्ध सुरू झाल्यावर ऑगस्ट १८१२ मध्ये ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘गेरियेर’ या ब्रिटिश फ्रिगेटचा पराभव केला. २९ डिसेंबर रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक तिची गाठ ‘जावा’शी पडली. ‘जावा’ मुंबईकडे निघाली होती. तिच्यावर मुंबईत बांधल्या जात असलेल्या ७४ तोफांच्या जहाजाचा आणि दोन लहान जहाजांचा तळ मढविण्यासाठी तांबे होते. मुंबईत बांधावयाच्या नव्या फ्रिगेटचे आराखडे होते आणि भारतात रुजू होण्यास निघालेला लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉपही होता.

तीन तासांहून अधिक काळ लढत चालली. ‘जावा’वरील बरेच खलाशी नवखे होते, तरीही तिच्या माऱ्याने ‘कॉन्स्टिट्यूशन’चे सुकाणूचक्र उडाले आणि कॅप्टन विल्यम बेनब्रिज दोनदा जखमी झाला. अखेर ‘जावा’च्या डोलकाठ्या कोसळल्या. कॅप्टन हेन्री लॅम्बर्ट प्राणांतिक जखमी झाला. नौका ओढून नेण्याजोगी उरली नव्हती, म्हणून अमेरिकनांनी ती जाळून टाकली. हिस्लॉपला अन्य कैद्यांसह साल्वादोर बंदरात वचनावर सोडण्यात आले.

या पराभवांचा धसका मोठा होता. १८ पौंडी तोफांच्या फ्रिगेटनी मोठ्या अमेरिकी फ्रिगेटशी एकट्याने झुंजू नये, असा गुप्त आदेश ब्रिटिश नौदल खात्याने जुलै १८१३ मध्ये काढला. अर्थात संख्याबळ ब्रिटनकडेच होते आणि अमेरिकेच्या किनाऱ्याची नाकेबंदी ते मोडू शकले नाही. हे अमेरिकी अभिमानकथांत बहुधा सांगितले जात नाही.

मुंबईचे काम मात्र थांबले नाही. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ‘कॉर्नवॉलिस’ हे ७४ तोफांचे सागवानी जहाज १८१३ मध्ये पाण्यात उतरले. एप्रिल १८१५ मध्ये त्याने ‘हॉर्नेट’ या अमेरिकी नौकेचा पाठलाग केला. तोफा समुद्रात फेकून, हलकी होऊनच ती निसटली. बुडालेल्या आराखड्यांची दुसरी प्रत आल्यावर बांधलेली ‘त्रिंकोमाली’ फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जलावतरित झाली.

त्यानंतर दहा आठवड्यांनी, २१ डिसेंबर १८१७ रोजी, महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा पराभव झाला. विजयी इंग्रज सेनापती तोच हिस्लॉप होता. नांदेड-लातूरचा मुलूख तेव्हा निजामाकडे होता आणि निजामाच्या राज्यातील रसेल ब्रिगेड त्याच्या बाजूने लढली. याच ब्रिगेडने जानेवारी १८१९ मध्ये नांदेड भागात नोवसाजी नाईक यांच्या नोव्हा गढीच्या वेढ्यात भाग घेतला. खुद्द हिस्लॉपने फेब्रुवारी १८१८ मध्ये तापीकाठच्या थाळनेर किल्ल्याच्या किल्लेदाराला फासावर चढविले आणि शिबंदीची कत्तल झाली. त्यावर ब्रिटिश संसदेतही टीका झाली. साल्वादोरला स्वतःला मिळालेली वागणूक त्याने थाळनेरच्या किल्लेदाराला दिली नाही.

‘त्रिंकोमाली’ आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे संग्रहालय म्हणून उभी आहे. तिचे पहिले आराखडे जिच्यामुळे नष्ट झाले ती ‘कॉन्स्टिट्यूशन’ बोस्टनमध्ये अजून अमेरिकी नौदलाच्या सेवेत आहे. दोन्ही नौका तरंगत्या आहेत.