मोजणाऱ्या साधनाची मोजणी : प्रोसेसर आणि शेल स्क्रिप्ट

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत मोजणीचा विषय निघाला की प्रथम आठवते ती व्याघ्रगणना. पूर्वी मातीत उमटलेले वाघाचे ठसे काचेवर उतरवून घेत आणि त्यांवरून संख्या ठरवीत. एकाच वाघाचा ठसा निरनिराळ्या मातीत निरनिराळा उमटतो, हा या पद्धतीवरचा आक्षेप जुनाच होता. राजस्थानातील सरिस्का प्रकल्पात वाघ उरलेच नसल्याचे २००५ मध्ये उघड झाले, तेव्हा मोजण्याची रीतच बदलावी लागली. २००६ च्या देशव्यापी गणनेपासून कॅमेरा ट्रॅप आणि संख्याशास्त्र यांचा आधार घेतला जाऊ लागला. आकडा हाती आला म्हणजे तो खराच असतो असे नाही, मोजणारे साधनही तपासावे लागते, हा त्यातला धडा. संगणकाचा प्रोसेसर मोजतानाही तोच लागू पडतो.

प्रोसेसरमध्ये मोजतात काय?

आजच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये घटनांची नोंद ठेवणारे काही काउंटर बसविलेले असतात. घड्याळाचे किती ठोके पडले, किती आज्ञा पार पडल्या, जवळच्या वेगवान स्मृतीत म्हणजे कॅशमध्ये हवी ती माहिती किती वेळा सापडली नाही, हे त्यांवरून कळते. लिनक्स प्रणालीत हे काउंटर वाचण्यासाठी ‘पर्फ’ हे साधन आहे. २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.३१ या आवृत्तीबरोबर ते आले. ‘पर्फ स्टॅट’ ही आज्ञा एकूण बेरीज देते. ‘पर्फ रेकॉर्ड’ ठरावीक अंतराने नमुने टिपते आणि ‘पर्फ रिपोर्ट’ त्यांवरून प्रोग्रॅमच्या कोणत्या भागात अधिक वेळ गेला ते दाखविते.

मात्र काउंटर मोजकेच असतात. मोजायच्या घटना त्याहून अधिक असल्या तर पर्फ त्यांना आळीपाळीने काउंटर देते आणि जितका वेळ मोजणी झाली त्या प्रमाणात पूर्ण वेळेचा अंदाज बांधते. ताडोब्यात कॅमेरे अपुरे असतील तर जंगलाच्या एका भागातून काढून ते दुसऱ्या भागात लावावे लागतील, तसाच हा प्रकार. असा आकडा अनुमानाचा असतो, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

परीक्षा कशी होते?

नवा प्रोसेसर आला की घटनांची नावे बदलतात. प्रणालीत सुधारणा झाली की जुनी गणिते बिघडू शकतात. साधन बंद पडले तर निदान लक्षात तरी येते. ते चालू राहून चुकीचा आकडा देऊ लागले, तर प्रोग्रॅमर निरोगी भागावरच आठवडेच्या आठवडे उपचार करीत बसतो. म्हणून पर्फच्या मूळ संहितेबरोबरच त्याच्या चाचण्याही ठेवलेल्या असतात. त्यांतील बऱ्याचशा शेल स्क्रिप्ट आहेत. शेल स्क्रिप्ट म्हणजे आपण एकेक करून टंकित केल्या असत्या अशा आज्ञांची क्रमवार लिहून ठेवलेली फाइल.

चाचणीचे तत्त्व साधे आहे : ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, तेच मोजायला द्यायचे. एखादा लहानसा प्रोग्रॅम आपला जवळजवळ सारा वेळ एकाच फंक्शनमध्ये फिरत राहील असा लिहिलेला असतो. स्क्रिप्ट तो पर्फखाली चालविते, अहवाल तात्पुरत्या फाइलीत घेते, ‘ग्रेप’ या आज्ञेने त्यात त्या फंक्शनचे नाव शोधते आणि शेवटी फाइल पुसून टाकते. नाव सापडले नाही तर दोष साधनाचा. आणखी एक चाचणी स्वल्पविरामांनी विभागलेल्या अहवालाच्या प्रत्येक ओळीत रकाने नेमके तितकेच आहेत ना, हे पाहते. तो अहवाल पुढे दुसरा प्रोग्रॅम वाचणार असतो. एक रकाना सरकला तरी सारे आकडे भलत्याच नावाखाली जातील.

तिसरे उत्तर

स्क्रिप्ट संपताना एक अंक मागे ठेवते. शून्य म्हणजे उत्तीर्ण, एक म्हणजे अनुत्तीर्ण आणि दोन म्हणजे ‘स्किप’, अर्थात परीक्षा घेताच आली नाही. या दोनाचे मोल मोठे आहे. एका यंत्रावर दुसरे आभासी यंत्र चालविले, तर आतल्या प्रणालीला खरे काउंटर पुष्कळदा दिसतच नाहीत. तेथे उत्तीर्ण म्हणणे खोटे आणि अनुत्तीर्ण म्हणणे अन्यायाचे. पर्फचा अहवालही शून्य आणि ‘नॉट काउंटेड’ यांत भेद करतो. गडचिरोलीच्या ज्या रानात कॅमेरा पोहोचलाच नाही, तेथे ‘वाघ शून्य’ लिहिणे जितके चूक, तितकेच न मोजलेल्या घटनेपुढे शून्य लिहिणे चूक.

अर्थात या चाचण्यांनाही मर्यादा आहेत. तोच प्रोग्रॅम दोनदा चालविला तरी ठोक्यांची संख्या सहसा तंतोतंत जुळत नाही. त्यामुळे नेमका आकडा न मागता तो वाजवी मर्यादेत आहे का, एवढेच बहुधा पाहावे लागते. मर्यादा सैल ठेवली तर दोष निसटतो, फार आवळली तर निर्दोष साधन नापास होते.

पुण्याचे उदाहरण

हीच दक्षता महासंगणकाच्या मोजणीतही दिसते. पुण्यातील ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा आला. सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी गणिते हा त्याचा वेग ‘लिनपॅक’ चाचणीत मोजला गेला. ही चाचणी समीकरणांचा एक प्रचंड संच सोडवून घेते. पण केवळ घड्याळ लावून थांबत नाही. आलेले उत्तर समीकरणांत पुन्हा घालून चूक ठरावीक मर्यादेत आहे की नाही, तेही तपासते. उत्तर चुकीचे असेल तर वेगाला अर्थ नाही.

‘पर्फ टेस्ट’ ही आज्ञा चालविण्यासाठी महासंगणक लागत नाही. लिनक्स असलेल्या साध्या संगणकावर, चंद्रपूरच्या एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही ती चालविता येते. पडद्यावर चाचण्यांची यादी उमटते आणि प्रत्येकीपुढे ‘ओके’, ‘फेल्ड’ किंवा ‘स्किप’ असा शेरा येतो. आपल्या प्रोग्रॅमच्या गतीबद्दल निष्कर्ष काढण्यापूर्वी त्यातील ‘स्किप’च्या ओळी अवश्य वाचाव्यात. आपल्या यंत्रावर काय तपासलेच गेले नाही, ते त्यांतूनच कळते.